खऱ्या रेल्वे तिकिटाआड विकलेला खोटा जहाजप्रवास

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्याची छायाचित्रे देशभर फिरली आणि तेव्हापासून आमच्या आर्वी तालुक्यातील खेड्यापाड्यांतही, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, लक्षद्वीप सहलीच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर येऊ लागल्या. आमच्याकडे आलेली जाहिरात दिवाळीनंतरची होती. सोयाबीन विकून झालेले असते, कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हाती आलेले असतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा तरी कुठे नेऊन आणावे असे ज्या दिवसांत वाटते, नेमके तेच दिवस जाहिरात देणाऱ्याने निवडले होते. त्याच्या जाळ्यात आम्ही कसे सापडलो ते येथे तपशिलाने लिहीत आहे, कारण त्याची पद्धत नेहमीच्या लॉटरी किंवा केवायसीच्या फसवणुकीहून वेगळी आहे आणि सावध माणसालाही ती सहज ओळखू येत नाही.

जिल्ह्याच्या गावी कार्यालय असल्याचे सांगणाऱ्या त्या एजंटने आई, बाबा, पत्नी आणि मी अशा चौघांसाठी पूर्ण बेत आखून दिला. नागपूरहून बल्लारशाह, वारंगल, विजयवाडा या मार्गाने रेल्वेने एर्नाकुलम, तेथून कोचीच्या विलिंग्डन बेटावरील धक्क्यावरून रात्रभराचे जहाज, चार दिवसांचा मुक्काम आणि परतीचा प्रवास, असा तो बेत होता. कोचीहून लक्षद्वीपला जाणारी जहाजे बेटानुसार सुमारे 14 ते 18 तास घेतात, त्यामुळे एक रात्र समुद्रावरच जाते. लांबची गाडी उशिरा पोहोचली तर जहाज चुकेल, म्हणून गाडीतून उतरल्यापासून जहाजात चढेपर्यंत मध्ये बरेच तास राखून ठेवले आहेत, असे त्याने सांगितले. हा सल्ला योग्यच होता आणि कोणत्याही जाणकाराने तोच दिला असता. त्या मोकळ्या वेळेत विश्रांतीसाठी खोली, सामान ठेवण्याची सोय आणि बंदर दर्शन मिळेल, शिवाय लक्षद्वीपच्या प्रवेश परवानगीची म्हणजे परमिटची व जहाजाच्या तिकिटांची मूळ प्रत त्याचा माणूस तेव्हाच हातात देईल, असे ठरले. फसवणुकीची खरी जागा हे शेवटचे वाक्य होती.

त्याने आधी फक्त रेल्वेचे पैसे घेतले आणि दोनच दिवसांत जाण्याचे तिकीट पाठवले. बाबांनी रेल्वेच्या 139 या चौकशी क्रमांकावर फोन करून दहा आकडी पीएनआर तपासला, तेव्हा चारही जागा निश्चित असल्याचे कळले. माणूस खरा आहे असे घरात सर्वांना वाटले ते या तपासणीमुळेच. त्यानंतर त्याने जहाज, परमिट आणि मुक्काम यांचे माणशी 22,000 रुपये मागितले, तेव्हा रेल्वेच्या तिकिटावर बसलेला विश्वास आपोआप त्या मागणीवरही बसला. रेल्वेचे तिकीट कोणालाही पडताळता येते, म्हणून ते खरे दिले जाते. जहाजाचे तिकीट कसे पडताळायचे हे आपल्या भागात फारसे कोणाला माहीत नसते, म्हणून ते खोटे दिले जाते. आमिष म्हणून वापरलेले ते खरे तिकीटही वैयक्तिक खात्यावरून काढून विकलेले होते आणि असा धंदा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 143 नुसार गुन्हा आहे.

जहाजाचे म्हणून जे कागद मोबाइलवर आले, ते आता पुन्हा पाहिले की किती गोष्टी डोळ्यांत भरतात. चौघांच्या परमिटवर एकच क्रमांक होता. रेल्वेच्या तिकिटावर बाबांचे नाव आडनावाशिवाय, आखूड करून घातलेले होते, तेच आखूड नाव परमिटवर जसेच्या तसे उतरले होते; वास्तविक ओळखपत्रावरून काढलेल्या परवानगीवर पूर्ण नाव असायला हवे. जहाजाच्या तिकिटावर ‘पीएनआर’ म्हणून जो आकडा होता, तो आमच्या रेल्वेच्याच पीएनआरमधले शेवटचे दोन अंक बदलून तयार केलेला होता. वर राजमुद्रा होती, खाली गोल शिक्का होता, आणि साध्या माणसाची नजर तेवढ्यावरच स्थिरावते.

एर्नाकुलमला उतरल्यावर स्टेशनबाहेर त्याचा कोणीही माणूस नव्हता. फोनवर तो म्हणाला, “भाऊ, आमचा माणूस धक्क्यावर तुमच्या परमिटवर शिक्का मारून घेत आहे, तुम्ही तिकडे येऊ नका, परमिटशिवाय तिथे उभेही राहू देत नाहीत. आईबाबांना घेऊन लॉजवर आराम करा.” लॉजवर आमच्या नावाची खोली होती, पण तिचे पैसे भरलेले नव्हते. ते आम्ही भरले. त्यानंतर बंदर शुल्काची मागणी आली आणि ती पूर्ण केल्यावर साठ वर्षांवरील प्रवाशांच्या वैद्यकीय दाखल्याची. प्रत्येक वेळी रक्कम आधीपेक्षा थोडी मोठी असे आणि जहाजात माणसे चढू लागली आहेत, फार वेळ उरलेला नाही, हे वाक्य तिला जोडलेले असे. घरापासून इतक्या दूर, दोन म्हातारी माणसे सोबत असताना, आधी भरलेले सगळे पैसे पाण्यात जातील या भीतीने माणूस आणखी पैसे भरतो. मधले तास त्याने त्यासाठीच मोठे ठेवले होते.

तिसरी मागणी आली तेव्हा बाबांनी फोन स्वतःकडे घेतला आणि ज्या कागदाचे पैसे घेतले तो कागद आधी दाखवा, एवढेच बोलून तो ठेवून दिला. आम्ही रिक्षाने थेट विलिंग्डन बेटावरील लक्षद्वीप प्रशासनाच्या कार्यालयात गेलो. तेथील कर्मचाऱ्याने कागद पाहून आमच्या नावाने कोणतेही परमिट दिलेले नसल्याचे सांगितले; कागदावर ज्या जहाजाचे नाव होते, ते त्या दिवशी त्या बेटाकडे जाणारच नव्हते. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “पैसे गेले त्याचं जाऊ दे, पण आता रात्र कुठं काढाची?” परतीच्या तिकिटाचा आधार आहे असे मला वाटत होते, म्हणून तेव्हाच 139 वर तो पीएनआर तपासला. ते तिकीट कधीच रद्द झालेले होते. प्रतीक्षा यादीतले तिकीट काढून, त्याच्या चित्रावर ‘निश्चित’ असे लिहून त्याने ते आम्हाला पाठवले आणि नंतर रद्द केले. ऑनलाइन तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जातो, म्हणजे तोही त्यालाच मिळाला.

लक्षद्वीपला जायचे असेल तर या गोष्टींचा क्रम पक्का लक्षात ठेवावा. बाहेरच्या माणसाला तेथे जाण्यासाठी 1967 च्या नियमांनुसार प्रवेशाची परवानगी लागते आणि ती लक्षद्वीप प्रशासनच देते. पर्यटकांच्या जहाजसहली प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेमार्फत चालतात आणि तिचेही कार्यालय विलिंग्डन बेटावर आहे. आधी परवानगी आणि जहाजातली जागा, मग रेल्वे, असाच क्रम असावा. सध्या रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे जहाजाची तारीख हाती आल्यावरही तिकिटाला पुरेसा अवधी मिळतो. परमिटची प्रत घर सोडण्यापूर्वीच हातात हवी, आणि तिच्यावरील क्रमांक निघण्यापूर्वी प्रशासनाच्या तेथील कार्यालयाकडून पडताळून घ्यावा. मधल्या तासांत एजंटची खोली किंवा बंदर दर्शन यांची काहीही गरज नाही. एर्नाकुलमच्या बोट जेट्टीवरून फोर्ट कोचीला सरकारी बोट अगदी थोड्या पैशांत नेते आणि शहरात एप्रिल 2023 पासून वॉटर मेट्रो ही बोटसेवाही सुरू आहे. पण गाडीतून उतरल्यावर पहिली फेरी त्या कार्यालयाकडे मारावी, कारण खरा कागद असणाऱ्याला तिकडे जाण्यापासून कोणी अडवत नाही.

आम्ही त्या कार्यालयाच्या पायरीवरूनच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन केला. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता, व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ एवढी माहिती हाताशी हवी. त्याच दिवशी लॉजवरून पाठवलेल्या रकमेपैकी बराचसा भाग बँकेने रोखून धरला, मात्र काही आठवड्यांपूर्वी भरलेले माणशी 22,000 रुपये तोवर अनेक खात्यांतून पुढे निघून गेले होते. रोखलेले पैसेही लगेच मिळत नाहीत, आमच्या बाबतीत त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागणार आहे आणि आमचा अर्ज सध्या त्याच टप्प्यावर आहे. गावी परतल्यावर फसवणुकीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार दिली. गुन्हा कोचीत घडला, तिकडेच जा, असे कोणी म्हणाले तर ऐकून परत फिरू नये, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असली तरी पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे.

त्या एजंटचा फोन क्रमांक अजून सुरू आहे, त्यावरचे छायाचित्र बदलले आहे आणि आता जाहिरात अंदमानच्या जहाजाची आहे. आर्वी, कारंजा, आष्टी या भागांतील ज्या कुटुंबांनी उन्हाळ्याच्या सुटीसाठी अशा सहलीची आगाऊ रक्कम भरली असेल, त्यांनी निघण्याच्या तारखेची वाट न पाहता आजच 1930 वर नोंद करावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावा, म्हणजे एकाच खात्याविरुद्धच्या तक्रारी पोलिसांना एकत्र करता येतील.