टाटा मेमोरियलची युरो-ऑन्कॉलॉजी ओपीडी: वृषणाच्या कर्करोगात पुढचा उपचार ठरवताना

वृषणाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया करायची की नाही, हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण ती करावीच लागते. अवघड निर्णय त्यानंतर घ्यायचा असतो, आणि त्यासाठीच आम्ही परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या युरो-ऑन्कॉलॉजी ओपीडीत, म्हणजे मूत्रमार्ग व पुरुष जननेंद्रियांच्या कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो होतो. माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा असून त्याची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. न दुखणारी गाठ लागली तेव्हा एका दवाखान्यात जंतुसंसर्गाची सूज समजून त्याला प्रतिजैविके देण्यात आली आणि सोनोग्राफीला नाहक उशीर झाला. पुढे सांगलीत जांघेतून छेद घेऊन वृषण काढण्यात आले. अंडकोशात सुई घालून तुकडा तपासण्याचा मार्ग तिथल्या शल्यविशारदांनी टाळला, हे फार बरे झाले, कारण त्यातून कर्करोगाच्या पेशी पसरू शकतात. अहवाल आला तो सेमिनोमा (वृषणाच्या कर्करोगाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक; दुसरा नॉन-सेमिनोमा), पहिला टप्पा, म्हणजे वृषणाबाहेर न पसरलेला, असा.

टाटामध्ये बाहेरच्या अहवालावर विसंबून कोणताही सल्ला दिला गेला नाही. काढलेल्या गाठीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागवून त्यांची फेरतपासणी झाली, रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या कर्करोगाच्या खुणा पुन्हा पाहण्यात आल्या. एवढा काटेकोरपणा हवाच, कारण निव्वळ सेमिनोमामध्ये एएफपी वाढत नाही. ते वाढलेले आढळले तर अहवालात काहीही लिहिलेले असो, उपचार नॉन-सेमिनोमाचा करावा लागतो.

निदान पक्के झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर पोटाची आकृती काढली, मूत्रपिंडाच्या पातळीवर, मणक्यालगत लसिकाग्रंथींची रांग दाखवली आणि रोग परतला तर बहुधा इथेच परततो, असे सांगितले. मग तीन पर्याय मांडले: नुसती देखरेख, कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाचा एक डोस किंवा पोटाच्या मागील भागाला रेडिएशन. देखरेखीत साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांमध्ये रोग परततो, तोही बहुतांशी पहिल्या दोन-तीन वर्षांत. औषधाने हे प्रमाण बरेच घटते. पण शेवटी बरे होण्याचे प्रमाण तिन्ही वाटांनी जवळजवळ शंभर टक्केच राहते. तरुण वयात रेडिएशन घेतल्यास पुढे दुसरा कर्करोग होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून तो पर्याय त्यांनी लगेच मागे ठेवला.

आईला हे पटेना. "गाठ काढली आणि आता औषध नको म्हणता, मग परत आला तर?" असे तिने विचारले. डॉक्टरांचे उत्तर मला आजही महत्त्वाचे वाटते: "आई, शंभर जणांना औषध दिले, तर त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांना त्याची गरजच नसते. ज्याला परत येईल, त्यालाही आपण बरे करू शकतो." सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध 1970च्या दशकात वापरात आल्यापासून पसरलेला रोगही बरा होऊ लागला, म्हणूनच वाट पाहण्याचा सल्ला निर्धास्तपणे देता येतो. अर्थात तशी वेळ आली तर बीईपीची (सिस्प्लॅटिनसह तीन औषधांच्या केमोथेरपीची) तीन चक्रे घ्यावी लागू शकतात आणि त्यांत कान, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांना धोका असतो, हेही त्यांनी लपवले नाही.

त्यानंतरचा प्रश्न थेट भावाला होता: तपासणीला नेमाने याल का? ऑक्टोबरात फळछाटणी असते, तेव्हा बाग सोडता येत नाही, असे त्याने सांगितले. त्यावर त्याला कोणी उपदेश केला नाही. ती फेरी सप्टेंबरअखेर ठरवली आणि सीटी स्कॅन सांगलीत करून आणण्याची मुभा दिली. ज्याला येणे जमणारच नाही, त्याने एक डोस घेऊन मोकळे व्हावे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. भावाने देखरेख निवडली. माझ्या मते या सेवेचे मोल इथेच आहे, कारण बरे होण्याची शक्यता सारखीच असताना निवड रुग्णाच्या राहणीवरून व्हायला हवी आणि ती राहणी विचारून घेण्याची तसदी इथे घेतली गेली.

जाणाऱ्यांनी शस्त्रक्रियेचा अहवाल, स्लाइड्स, ब्लॉक आणि शस्त्रक्रियेच्या आधीचे व नंतरचे रक्ताचे आकडे सोबत ठेवावेत आणि सबंध दिवस मोकळा ठेवावा. केमोथेरपी ठरलीच, तर ती सुरू होण्यापूर्वी वीर्य साठवून ठेवण्याविषयी आवर्जून विचारावे, लग्न झालेले असो वा नसो. घरच्यांसमोर हा विषय काढणे जड जात असेल, तर डॉक्टरांना एकट्याने भेटण्याची विनंती करावी.