जीएसटीच्या चलनावर सीआयएन आहे का, ते आधी बघा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं दोन लेथचं शेड आहे. बुश, पिना काढायच्या आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या पार्टीला पाठवायच्या. माल कर्नाटकातच विकला असता तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागली नसती. पण निपाणी ओलांडून माल महाराष्ट्रात गेला की पहिल्या रुपयापासून नोंदणी, आणि विक्रीवर सरसकट १ टक्का कर भरायची कंपोझिशन योजनाही मिळत नाही. कोल्हापूर आपल्याला परराज्य वाटत नाही, जीएसटीच्या पोर्टलला वाटतं.

म्हणून सल्लागार धरला. आमच्याच गणेशोत्सव मंडळातला. "काका, तुम्ही लेथ बघा, पोर्टल मी बघतो." नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल त्यानं स्वतःचाच टाकला. मला बरंच वाटलं, ओटीपीची कटकट नको!

दर महिन्याला कराचे १८ हजारांच्या आसपास रोख न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी चलनाची प्रिंट आणून द्यायचा. त्यावर माझा २९ नं सुरू होणारा जीएसटी नंबर, रक्कम, १४ आकडी सीपीआयएन. सगळं कसं जागच्या जागी. पण सीपीआयएन म्हणजे चलन नुसतं तयार केल्याची खूण. पैसे न भरताही ते निघतं आणि १५ दिवसांत बाद होतं. पैसे खरोखर जमा झाले तरच १७ आकडी सीआयएन पडतो. माझ्याकडच्या १३ प्रिंटांपैकी एकीवरही तो नाही. शिवाय बँकेच्या काउंटरवर महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त भरताच येत नाहीत. हे ठाऊक असतं तर त्यानं रोख मागितली तेव्हाच मनात पाल चुकचुकली असती.

पोर्टलवर रिटर्न भरलेली दिसायची, कारण तो दर महिन्याला शून्य विक्रीची रिटर्न भरत होता.

जानेवारी २०२५ मध्ये पार्टीनं पेमेंट अडवलं. "तुमची बिलं टूबीत दिसत नाहीत." टूबी म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, कोणत्या बिलांवर मिळेल ते दाखवणारी पोर्टलवरची यादी. तोवर मागच्या आर्थिक वर्षाच्या बिलांची शेवटची तारीख, ३० नोव्हेंबर, उलटून गेलेली. मार्च २०२४ पर्यंतच्या चार महिन्यांच्या बिलांवरचं पार्टीचं क्रेडिट बुडालं, ते १,४४,००० त्यांनी माझ्याच पेमेंटमधून कापले. पोलाद घेताना मी दिलेल्या कराचं त्या महिन्यांचं क्रेडिटही गेलं. आणि सरकारचा कर उभाच, वर १८ टक्के व्याज. पैसे कुणी खाल्ले हा माझा आणि त्याचा मामला, कर माझ्या नावावर. नोटीस यायच्या आत डीआरसी-०३ या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मनं भरून टाकला. एप्रिलपासूनची बिलं पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, घातली, ती तेवढी वाचली.

पासवर्ड बदलायला गेलो तर ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, आणि तो फोन उचलेना. अशा वेळी आपल्या हद्दीच्या कर कार्यालयात कागदपत्रं घेऊन अर्ज द्यायचा, अधिकारी नंबर आणि ईमेल बदलून देतो.

त्याच्याकडून आजवर ४० हजार परत आलेत. तेही मंडळातल्या थोरल्यांनी समोर बसवून विचारल्यावर.