शाळांना सेवाविषयक सल्ला देणारे वकील : आमच्या संस्थेचा सोलापुरातील अनुभव

सोलापुरात नोकरीसंबंधीचे खटले चालवणारे वकील पुष्कळ आहेत. परंतु खाजगी शाळांच्या संस्थाचालकांना सल्ला देणे हेच ज्यांचे मुख्य काम आहे, असे वकीलसाहेब आम्हांला सात रस्ता भागात भेटले. आमची शाळा लहान, राज्य मंडळाची आणि विनाअनुदानित आहे, आणि गेली तीन वर्षे मी सचिव या नात्याने त्यांच्याकडे जात आहे.

वकिलीची पहिली काही वर्षे त्यांनी सोलापूरच्या शाळा न्यायाधिकरणात कामावरून काढलेल्या शिक्षकांची अपिले चालवली, शाळांची कामे त्यांच्याकडे नंतर आली. याचा आम्हांला फार उपयोग झाला, कारण आपली फाईल समोरचा वकील कोठून उघडेल, हे त्यांना आधीच दिसते.

पहिल्या भेटीस आम्ही एका शिक्षिकेला काढण्याच्या तयारीनेच गेलो होतो. रुजू होतानाच सही घेऊन ठेवलेला, टंकलिखित, तारखेची जागा कोरी असलेला राजीनामा अध्यक्षांनी मोठ्या विश्वासाने त्यांच्यासमोर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला, कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवली आणि 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याचे कलम 7 उघडून दाखवले : राजीनामा दोन प्रतींत, सही व तारखेसह हवा आणि त्याची एक प्रत कर्मचाऱ्याने स्वतः रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायला हवी. "हा कागद तुमच्या नव्हे, बाईंच्या वकिलाच्या कामाचा आहे," एवढेच ते म्हणाले.

अनुदान घेत नाही म्हणजे हा कायदा आपल्याला लागू नाही, अशी आमच्या अध्यक्षांची (खरे तर माझीही) समजूत होती. ती कलम 3 ने मोडली. या बाई स्थायी रिक्त पदावर नेमलेल्या होत्या आणि त्यांचा दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ (प्रोबेशन) संपून गेला होता. तेव्हा आरोपपत्र, तीन सदस्यांची चौकशी समिती, तीत बाईंनी सुचवलेला एक सदस्य आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक, एवढे सारे केल्याशिवाय त्यांना काढता येणार नव्हते, आणि काढलेच असते तर 30 दिवसांत अपील दाखल करण्याचा त्यांना हक्क होता. आम्ही चौकशी केलीच नाही. मुख्याध्यापिकांनी वर्गावरील त्रुटी लेखी कळवल्या, आणि यंदा नववीचे विज्ञान त्याच बाई शिकवत आहेत.

उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) बाबतीत मात्र त्यांचा सल्ला आमच्या खजिनदारांना आवडला नाही. उपदान कायद्याच्या 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना 3 एप्रिल 1997 पासून उपदानाचा हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती 2022 साली वैध ठरवली, हे सांगून त्यांनी निवृत्त शिक्षकाची रक्कम आम्हांलाच हिशेबास बसवून काढायला लावली.

तक्रारी दोन आहेत. फी किती होईल, हे ते काम संपेपर्यंत सांगत नाहीत, त्यामुळे कार्यकारिणीत मंजुरी घेताना माझी अडचण होते. शिवाय त्यांच्या नोटिशीची मराठी इतकी बोजड असते, की ज्याला ती द्यायची त्यालाच अर्थ विचारण्यासाठी कार्यालयात यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढील रिट याचिका ते स्वतः चालवत नाहीत, हे मात्र ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात.

जाताना सेवापुस्तके, नियुक्तीपत्रे आणि ठरावांची नोंदवही बरोबर न्यावी. ती नसतील तर साहेब चहा देतात आणि पुढची तारीख.