ऑनलाइन भाडेकरार: नोंदणी झटपट, पण ‘आत येण्या’चं कलम ढिलं

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर लिव्ह अँड लायसन्सचा करार करायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पाय ठेवावा लागत नाही. तेवढ्यासाठी पाचपैकी चार द्यायला हरकत नव्हती. पण तयार मसुदा भाडेकरूच्या नजरेतून वाचला की अर्धा गुण कापावा लागतो, आणि तो एकाच कलमापायी: मालकाने घरात कधी आणि कसं यायचं.

आधी पैशाचं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून. २०,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने असा हिशेब केला तर भाड्याचे २,२०,००० आणि व्याजाचे साधारण ९,१६७. त्याचा पाव टक्का म्हणजे ५७३ रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर दस्त हाताळणी शुल्क. अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणाऱ्या एजंटची फी वेगळी. ती आधी ठरवून घ्यावी, थम झाल्यावर नाही.

अडचण येते ती बहुधा अंगठ्यावर. ज्येष्ठ मालकांचे ठसे झिजलेले असतात, आधारशी जुळत नाहीत. बोटं धुऊन कोरडी करावीत, दुसरं बोट वापरून पाहावं. फ्लॅट नंबर आणि विंगचं अक्षर मात्र थम देण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचावं. एकदा दस्त नोंदला गेला की चूक सुधारायला नवा खटाटोप.

आता मुद्द्याचं कलम. मसुद्यात पाहणीचा परिच्छेद आयताच येतो: मालक किंवा त्याचा प्रतिनिधी ‘वाजवी सूचना’ देऊन ‘वाजवी कालावधीने’ आत येऊन जागा पाहू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २८ हेच सांगतं: आधी सूचना, आणि वाजवी वेळ. म्हणजे न सांगता येणं कायद्यालाही मान्य नाही. पण वाजवी म्हणजे किती? खालून बेल वाजवून ‘येतोय हं’ म्हटलं तरी ती सूचनाच, असं मानणारे मालक कमी नाहीत. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तास आधी कळवण्याची अट आहे. तो नमुना कायदा आहे, महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी २४ तासांचा आकडा उचलून करारात घालायला कोण अडवतंय?

त्यासाठी फॉर्ममधला ‘इतर अटीं’चा रकाना आहे. तो बहुतेक एजंट कोरा सोडतात किंवा ‘भिंतीला खिळे ठोकू नयेत’ने भरतात. तिथे एवढं टाइप करून घ्यावं (लायसेन्सॉर म्हणजे मालक, लायसेन्सी म्हणजे राहणारा): ‘पाहणी किंवा दुरुस्तीसाठी लायसेन्सॉर अथवा त्याचा माणूस किमान २४ तास आधी व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर तारीख, वेळ व कारण कळवेल आणि सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्ये, लायसेन्सी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती हजर असतानाच आत येईल. आग, गॅसगळती, पाइप फुटणं यांसाठी ही अट नाही. मात्र आत गेल्याचं त्याच दिवशी कळवेल.’ शब्द लायसेन्सॉर-लायसेन्सीच ठेवावेत; ‘भाडेकरू’ लिहिलं की मालकाला कूळ लागण्याची धास्ती वाटते आणि सगळीच अट खोडली जाते. शेवटच्या महिन्यात ब्रोकर नवी गिऱ्हाइकं घेऊन येतात, त्याचंही एक वाक्य हवं: आठवड्यातून दोनदाच, ठरवून.

‘एक चावी माझ्याकडे असू दे’ हे वाक्य करारात कुठेच नसतं, आणि निम्मी भांडणं त्यातूनच निघतात. मालकाकडे चावी असेल तर ती बंद पाकिटात, चिकटपट्टीवर दोघांच्या सह्या करून द्यावी. कुलपाचं सिलिंडर, म्हणजे चावी ज्यात फिरते तो भाग, बदलणं तर त्याहून सोपं: दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढायचा, चावी किंचित फिरवून सिलिंडर बाहेर ओढायचं, त्याच मापाचं (साधारण ६० किंवा ७० मिलिमीटर) बसवायचं. पण मसुद्यात लेखी संमतीशिवाय फेरफार न करण्याचंही कलम असतं. म्हणून आधी मेसेज, मग स्क्रूड्रायव्हर. जुनं सिलिंडर जपून ठेवून जाताना परत बसवायचं.

एवढं करूनही कोणी शिरलंच तर? लायसन्सवर राहणाऱ्याचा ताबा हा ताबाच असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि मालकी हा त्याला आपोआप बचाव नाही. मात्र गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. गळका नळ बघायला आलेला मालक त्यात सहज बसत नाही. म्हणून पहिल्याच खेपेला मालकाला तारीख-वेळ टाकून मेसेज करावा, ‘पुन्हा न कळवता येऊ नये’ असा. दुसऱ्या खेपेला पोलीस ठाण्यात तोच मेसेज हेतू दाखवायला उपयोगी पडतो. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे कॅमेऱ्याच्या फूटेजसाठी लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा. जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढतं. गेटच्या रजिस्टरच्या पानाचा फोटोही काढावा.

पाणी-वीज तोडली तर भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९ आहे. कुलूप बदलून बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा, तोही ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत. मुदत संपली तरी मालकाला स्वतः कुलूप तोडता येत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावं लागतं. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचं मात्र दुप्पट भाडं भरावं लागतं, हे भाडेकरूनेही विसरू नये.

आणि ‘नोंदणी कशाला, नोटरी पुरे’ म्हणणाऱ्या मालकाला त्याच अधिनियमाचं कलम ५५ दाखवावं. नोंदणीची जबाबदारी त्याची; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. करार नोंदलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. हे वाचल्यावर मालक स्वतःच एजंटला फोन लावतो.