आधी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी की थेट दुर्बीण?

जुलाब आणि पोटातल्या कळा महिनाभर थांबत नसतील, तर रत्नागिरीहून कोल्हापूर किंवा सावंतवाडीहून गोवा गाठण्याआधी हे ठरवावं लागतं.

शौचातून रक्त, घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा हिमोग्लोबिन कमी, यांतलं एकही असेल तर थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, करा. नसेल तर आधी कॅल्प्रोटेक्टिन.

आतड्याला सूज आली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अस्तर ओलांडून आतड्याच्या पोकळीत उतरतात. त्यांच्यातलं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात सापडतं. सकाळचा पहिला नमुना डबीत घेऊन लगेच लॅबला द्यायचा. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत आलं तर सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर गेलं तर दुर्बीण टाळू नये. मधला आकडा आला तर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा तपासा. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आकडा फुगतो. डॉक्टरांना विचारून त्या दोन आठवडे आधी थांबवा. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे झालेल्या जुलाबांतही तो वाढतो.

हा आकडा सूज सांगतो, कारण नाही. क्रोन (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आणि आतड्याचा टीबी दोन्हींत तो वाढतो, आणि आपल्याकडे खरा धोका इथेच आहे. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी टीबीच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतात आणि ती गाठ टिकायला टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन लागतं. क्रोन समजून टीएनएफ रोखणारं इंजेक्शन दिलं तर टीबी उसळतो. म्हणून दुर्बिणीतून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचे आणि सीकमचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे, तुकडे तपासणीसाठी घ्यायलाच हवेत. अस्तर निरोगी दिसलं तरी तुकडे घ्यायला सांगा. सूक्ष्म कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याची नुसत्या डोळ्यांना न दिसणारी सूज) वाढलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

दुर्बिणीची तयारी कडक असते. दोन-तीन दिवस आधीपासून फणस, नाचणीची भाकरी, पालेभाज्या, ओलं खोबरं बंद. पांढऱ्या तांदळाची पेज चालते. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पेय: शहाळ्याचं पाणी चालेल, पण कोकम सरबत आणि सोलकढी नाही, कारण लाल रंग रक्तासारखा दिसतो. पोट साफ करायचं औषध, सहसा २ लिटर, अर्धं आदल्या रात्री आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. ते पिऊन घाटातून एसटीचा प्रवास जमत नाही; आदल्या रात्री रुग्णालयाजवळ मुक्काम करा. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे सोबत कुणीतरी हवं आणि २४ तास गाडी चालवायची नाही.