सात महिने, एक अ‍ॅप आणि जुनी इंग्रजी: वापरानंतरचा अनुभव

शेक्सपिअर मुळातून वाचायचा म्हणून फ्लॅशकार्डांचं एक अ‍ॅप घेतलं आणि जुन्या इंग्रजी शब्दांचा तयार संच त्यात उतरवला. रोज वीसेक मिनिटं, असे सात महिने झाले.

विसरायच्या बेतात असलेलं कार्ड नेमकं पुढ्यात आणून टाकायचं काम अ‍ॅप चोख करतं. तक्रार आहे ती संचाबद्दल. प्रत्येक शब्दाला आजच्या इंग्रजीतला एकेक शब्द चिकटवलेला. 'दाउ' म्हणजे 'यू', 'यी' म्हणजेही 'यू'. जो फरक शिकायचा तोच पुसलेला! तिसऱ्या महिन्यात वैतागून मी कार्डांच्या मागच्या बाजू मराठीत लिहायला घेतल्या. दाउ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. 1603 साली इंग्लंडचा दरबारी सर वॉल्टर रॅले याच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी बाजू मांडणारा अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड कोक त्याला मुद्दाम 'दाउ' म्हणतो, वर तसं बोलूनही दाखवतो. 'अरे-तुरेवर आला' म्हटलं की आपल्याला त्यातला अपमान लगेच झोंबतो, तळटीप लागत नाही. हिअर, हिदर, हेन्सचंही तेच: इथे, इकडे, इथून. देअर आणि व्हेअरची भावंडं त्याच संध्याकाळी डोक्यात बसली.

खरी फजिती केली ती ओळखीच्या शब्दांनी. 'क्वोथ' (म्हणजे 'म्हणाला') दिसला की माणूस सावध होतो. 'प्रेझेंटली'वर कोण थांबतं? तेव्हा त्याचा अर्थ 'ताबडतोब'. 'स्टिल' म्हणजे बऱ्याचदा 'नेहमी'. हॅम्लेट भुतामागे निघताना म्हणतो, जो मला 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. जाऊ देणाऱ्याला का मारतोय हा, म्हणून मी चक्रावलो. इथे 'लेट' म्हणजे अडवणं! आणि ज्युलिएटचा 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. ती रोमिओला शोधत नाही, तू रोमिओच का झालास म्हणून तळमळतेय. तयार संचात 'लेट' नव्हताच. यादी करणाऱ्याला तो जुना वाटला नसावा.

उच्चार यंत्राच्या आवाजात आहेत, मी ते बंद ठेवलेत.

आता सुटा शब्द कार्डावर घालत नाही. वाचताना जिथे अडलो ती अख्खी ओळ घालतो. नवी कार्डं दिवसाला पाचच. एकदा उत्साहाच्या भरात चाळीस टाकली, तर आठवड्याभरात उजळणीचा ढीग दीडशेवर गेला आणि चार दिवस अ‍ॅप उघडायची छाती झाली नाही.

पैसे घालायचे तर अ‍ॅपवर घाला, संचावर नको. माझ्याकडे त्यातली जेमतेम दोनशे कार्डं उरलीत, आणि त्यांच्याही मागच्या बाजू मीच लिहिलेल्या.