समुपदेशकाची खोली की समवयस्कांचा गट?

एचआयव्हीसह जगणाऱ्या किशोरवयीन मुलांना आधार कुठे द्यावा, हा प्रश्न आहे. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात. पोरगं मान खाली घालून "रोज घेतो" म्हणतं. शेजारी आई बसलेली असते. म्हणून निदान दहा मिनिटं पालकांना बाहेर बसवावंच. आत्महत्येचे विचार, घरातला छळ, आईवडील गेल्याचं दुःख यांसाठी बंद खोलीच हवी.

गोळी चुकण्याचं खरं कारण मात्र समवयस्कांच्या गटात निघतं: वसतिगृहात डबी खुळखुळते, मित्र विचारतात. झिम्बाब्वेतल्या झ्वांदिरी कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे 18 ते 24 वर्षांचे तरुणच घरी जाऊन आधार देतात. आठ-दहा जणांचा गट पुरे. पण ज्याला स्वतःचं निदान अजून सांगितलेलं नाही, त्याला गटात मुळीच बसवू नये. तिथे ते अचानक कळलं, तर मूल गोळ्याच सोडू शकतं.